आक्षी ते मांडवा, न विचारता

मित्रांनो, जुनी म्हणावी इतकं माझं वय नाही. पिवळ्या नंबरप्लेटची मी एक पांढरी गाडी, रस्त्यावर येऊन जेमतेम सहा वर्षं झाली. पण गाडीचं म्हातारपण वर्षांवर नसतं, ती किती पळाली आणि मग किती उभी राहिली यावर असतं. गेले चार महिने मी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात बदामाच्या झाडाखाली उभी आहे. मागचं एक चाक बसलं आहे. माझ्या बोनेटवर केसर, म्हणजे माझ्या मालकाची बायको, सुकट वाळत घालते. मी तिला दोष देत नाही. ऊन चांगलं लागतं तिथे.

माझा मालक हरेश्वर. बापाच्या होडीतला आपला हिस्सा त्याने थोरल्या भावाला दिला आणि दर्यावरून रस्त्यावर आला. मला घरी आणली त्या दिवशी त्याने माझ्यासमोर नारळ फोडला, हळदकुंकू लावलं आणि माझ्या टपावरून हात फिरवत म्हणाला, "आता तूच माझी होडी." मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण होडी सोडली तरी होडीचे रिवाज काही त्याने सोडले नाहीत. दर्यावर निघालेल्या माणसाला 'कुठे चाललास' असं विचारायचं नाही, असा त्यांच्यात एक रिवाज आहे. विचारलं की टोकलं, आणि टोकलं की त्या फेरीचं काही खरं नाही. मग माघारी घरात जायचं, घोटभर पाणी प्यायचं, आणि पुन्हा निघायचं.

आता तुम्हीच सांगा, ज्याच्या तोंडून 'कुठे जायचं' हे दोन शब्द निघत नाहीत, त्याने भाड्याची गाडी चालवायची म्हणजे कमालच झाली. पण मोबाइलने त्याची सोय केली. लोक मोबाइलवरून गाडी बोलवायचे, कुठे सोडायचं ते पडद्यावर दिसायचं, हरेश्वर निमूटपणे चालवायचा. बाकीचे ड्रायव्हर फोन करून दहा चौकशा करतात आणि भाडं पसंत पडलं नाही की रद्द करतात. हा कधीच नाही. त्यामुळे त्याला तारेही भरभरून मिळायचे.

फजिती व्हायची, नाही असं नाही. एकदा पनवेलचे एक वकील अलिबागच्या कोर्टात निघाले होते. मोबाइलवरची खूण पडली होती मागच्या बाजूला. हरेश्वरने त्यांना बरोबर त्या खुणेवर, कंपाउंडच्या भिंतीला लावून उतरवलं. वकीलसाहेब काळा कोट सावरत भिंतीकडे बघत राहिले. "अहो, एका शब्दाने विचारायचं तरी!" असं ओरडून ते चिखलातून तरातरा निघून गेले. हरेश्वर कान धरून हसला आणि विसरला. त्याच दिवशी त्याने धडा घेतला असता, तर आज मला हे सांगावं लागलं नसतं.

उलट पुढच्याच महिन्यात त्याच्या गप्प राहण्याचं कौतुक झालं. रुचिका नावाची एक बाई नवऱ्याबरोबर किहीमला निघाली होती. दोघांचं मागच्या सीटवर असं काही वाजलं की मला माझे बाहेरचे आरसे कानांसारखे मिटून घ्यावेसे वाटले. चोंढीजवळ ती गाडी थांबवून उतरली. नवरा आत तसाच बसला. थांबायचं की निघायचं, काही कळेना. हरेश्वरने आरसा वर फिरवला आणि वीस मिनिटं समोरच्या माडाकडे बघत बसला. शेवटी ती तीन शहाळी घेऊन परत आली. एक त्याच्या हातात देत म्हणाली, "दादा, तुम्ही काहीच विचारलं नाहीत, फार बरं वाटलं." त्या दिवसापासून तो आपल्या मुकेपणाला गुण समजायला लागला. आणि मी? मीही फुशारले. आज त्या फुशारकीची मला लाज वाटते.

जुलैतली ती दुपार. आक्षीहून भाडं आलं. मुंबईहून हितेश नावाच्या मुलाने आपल्या आईसाठी गाडी बोलावली होती. आई म्हणजे कमळबाई, साठीच्या, हिरव्या लुगड्यातल्या, हातात एक पिशवी. त्यांचे यजमान बुधाजी माझगावच्या रुग्णालयात होते. पंधरा दिवस त्या उशाशी बसून होत्या, आणि घर बघायला म्हणून दोन दिवसांसाठी आल्या, तेवढ्यात दुखणं उलटलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंतचाच भरवसा आहे. बुधाजी सकाळपासून एकच विचारत होते, "कमळ आली का?" हे सगळं कमळबाईंनीच हरेश्वरला वाटेत सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सोडून.

मोबाइलवर मांडवा जेट्टी दिसत होती. तिथून मोठी बोट मुंबईला जाते. हरेश्वरने मला मांडव्याच्या दिशेने सोडलं. पाऊस मी म्हणत होता, तरी मी एकदाही अडखळले नाही. फाट्यावर आम्ही डावीकडे वळलो तेव्हा कमळबाई सीटवर ताठ झाल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मी पाहिलं ते. मित्रांनो, मला हॉर्न दिला आहे, शब्द दिले नाहीत.

जेट्टीच्या फाटकावरचा माणूस छत्री घेऊन पुढे आला. "बोटीची मोटर बिघडलीय, दुपारची फेरी रद्द आहे. बारापासून सांगतोय सगळ्यांना."

हरेश्वर वळला. "मावशी, बोट बंद हाय."

"मना ठाव हाय," कमळबाई म्हणाल्या. "गारी बोलवल्यावर हितेशनं फोन केलेला, रेवसवरून साडेतीनची लाँच पकर म्हणून."

हरेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं. "अगो मावशी, मग बोलली का न्हाय?"

"तू इचारलं न्हाय, मना वाटलं तुला मोबाइलमधी समजलं. फाट्यावर आलेलं बोलायला ओठावर. पन आपल्यात निघालेल्याला टोकतात का, बाला? मानूस तिकरं असा परलेला, आनि मी टोकू?"

दोघेही कोळी. दोघांनीही एकमेकांचं शुभच चिंतलं होतं. दुसरा कोणी ड्रायव्हर असता तर त्याने निघतानाच विचारलं असतं. दुसरी कोणी बाई असती तर तिने फाट्यावरच ओरडून गाडी रेवसकडे वळवली असती. या दोघांनी मात्र तोंड मिटून मला चुकीच्या धक्क्यावर आणून उभं केलं.

मग मी धावले. सहा वर्षांत धावले नव्हते तशी धावले. खड्डे पाहिले नाहीत, पाणी पाहिलं नाही. रेवसला पोचलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. लाँच खाडीत पुढे गेली होती. हरेश्वर धक्क्याच्या टोकापर्यंत पळत गेला, दोन्ही हात हलवून ओरडला. कोणी वळून पाहिलं नाही. ओहोटी लागली होती, आता पाणी चढल्याशिवाय पुढची लाँच नाही, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ओहोटीचं गणित त्याला लहानपणापासून पाठ होतं.

राहिला रस्ता. पेण, पनवेल करत मुंबई. वडखळच्या पुढे वाहनं एकमेकांना चिकटून उभी होती. कमळबाई बोटांवर काहीतरी मोजत होत्या, बहुधा देवाचं नाव. हितेशचा फोन आला तेव्हा त्यांनी तो पुढे केला. "तूच बोल, बाला. पावसात मना ऐकाला येत न्हाय."

हरेश्वरने ऐकलं. फोन खाली ठेवला आणि मला कडेला घेतलं. 

"गारी कशाला थांबवलीस?" कमळबाईंनी विचारलं. त्याने मागे वळून हात जोडले, आणि त्यांना समजलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला. तरी फुटलेला तो हुंदका मी मागच्या सीटवर अंगावर घेतला, तो अजून माझ्या गादीतून गेलेला नाही.

रुग्णालयाच्या दारात हितेश उभा होता. तो ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाला, "दादा, एकदा विचारलं असतं तर?" कमळबाई मध्येच म्हणाल्या, "मीच बोलली न्हाय रे, त्याला काय बोलू नको." हरेश्वर म्हणाला, "मीच इचारलं न्हाय." दोघांनी अपराध आपल्याकडे ओढून घेतला, पण त्यामुळे तो कोणाचाच हलका झाला नाही.

त्या दिवसापासून हरेश्वरने मोबाइलवरची फेरी घेतलेली नाही. भावाच्या अंगणात जाळी विणत बसतो. माझ्याकडे बघत नाही. मला विकायचं म्हणतात, पण कोणी येत नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची आहे, तुम्हाला तोंड आहे. गाडीत बसलात की कुठे जायचं ते तोंडाने सांगा, आणि चालवणारे असाल तर विचारा. मोबाइलवर विसंबू नका. अपशकुन होईल म्हणून गप्प राहू नका, वाईट दिसेल म्हणूनही राहू नका. हे मी कळवळून सांगते आहे, पण सांगून आता काय उपयोग, असंही वाटतं. बुधाजी गेले ते पाच वाजून चाळीस मिनिटांनी. रेवसची ती लाँच मुंबईत भाऊच्या धक्क्याला पावणेपाचलाच लागली होती, आणि तिथून रुग्णालय फक्त पंधरा मिनिटांवर आहे.