दुसरी दोरी

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्तरी म्हणत. हाताला वळण असं, की लोक छापील पाटी उतरवून त्याच्याकडून नवी रंगवून घेत. पण त्याची नऊ वर्षांची लेक ठमी वाचायला बसली की त्याचं डोकं फिरायचं. ती ओळी गाळायची, एकच ओळ दोनदा वाचायची आणि पाच मिनिटांत कपाळ धरून बसायची. "नाटकं नुसती," तो म्हणायचा. डोळे तपासले, नंबर शून्य निघाला, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

ठमीच्या आईला मात्र ते पटेना. तिने लेकीला पुन्हा डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वरच्या मजल्यावर, डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं. दूरचं बघताना ठमीला अडचण नव्हती. जवळचं बघताना तिचे दोन्ही डोळे एका जागी टिकत नव्हते, म्हणून अक्षरं दुहेरी व्हायची. ताईंनी तीन रंगीत मणी ओवलेली लांब दोरी दिली. एक टोक दाराच्या कडीला बांधायचं, दुसरं नाकाच्या शेंड्याशी धरायचं आणि एकेका मण्यावर नजर रोवायची. रोज पंधरा मिनिटं, आणि सोबत घरातलं मोठं माणूस हवं.

आई संध्याकाळी कामावर असायची, त्यामुळे हे मिस्तरीच्या गळ्यात पडलं.

"पिवळ्या मण्याकडे बघतेय," ठमी म्हणाली. "दोन दोऱ्या दिसतात. मण्यापाशी फुली होते."

"मी एकच बांधलीय. दुसरी कुठून आली?"

"ताई म्हणाल्या, दोनच दिसायला हव्यात."

"आण इकडे." त्याने दोरी आपल्या नाकाला लावली. समोर एकच दोरी, सरळ दारापर्यंत गेलेली. "ही बघ, एक. थापा मारू नकोस."

ठमीचे डोळे भरून आले. ती दोरी गुंडाळायला लागली.

पुढच्या खेपेला तो स्वतःच तिला घेऊन गेला, ताईंना जाब विचारायला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यालाच खुर्चीत बसवलं. एक डोळा झाकला, मग दुसरा. लाल-हिरव्या काचांचा चष्मा घालून दिवे मोजायला लावले. मग विचारलं, "लहानपणी तिरळेपणा होता?"

"होता. ऑपरेशन केलं, डोळा सरळ झाला."

"डोळा सरळ झाला, पण मेंदूने त्याचं ऐकणं कधीच सोडलंय. तुम्ही एकाच डोळ्याने बघता. दोन्ही डोळे मिळून बघत असले की प्रत्येकाची एक, अशा दोन दोऱ्या दिसणंच बरोबर. ठमी खरं सांगत होती."

मिस्तरी खुर्चीतच बसून राहिला. जिना उतरताना पायाने पायरी चाचपायची, उडत आलेला चेंडू हमखास सोडायचा, हे सगळं तो आजवर स्वतःच्या वेंधळेपणावर घालत आला होता.

रस्त्यात तो थांबला. "ठमे, मी तुला खोटारडी ठरवलं. चुकलं माझं."

"हं," ठमी म्हणाली आणि जरा वेळाने तिने त्याचा हात धरला.

ताईंनी त्याला कसलंच वचन दिलं नव्हतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी काहींना जमतं, काहींना थोडंच, आणि सतत दुहेरी दिसायला लागलं तर लगेच थांबायचं, असं बजावून त्यांनी डॉक्टरांच्या संमतीने त्यालाही व्यायाम दिले. आता संध्याकाळी दोघं एकाच दारासमोर बसत. चौथ्या महिन्यात ठमी पान पान न अडखळता वाचू लागली, तिची डोकेदुखी गेली. ताईंनी तिला मोकळं केलं. मिस्तरीची मात्र गाडी रुतलेलीच होती. दुसरी दोरी दिसायची ती धुरकट, आणि डोळे मिचकावले की गायब. एकदा कामावर अक्षराची कड दुहेरी झाली आणि रंग भलतीकडे गेला. त्या दिवशी त्याने दोरी कपाटात टाकली.

ताईंनी त्याला बोलावलं, तपासलं, काही व्यायाम बंद केले, काही बदलले. आणि ठमी म्हणाली, "तुम्ही माझ्यासोबत बसलात ना? आता मी बसते." रोज ती पुस्तक घेऊन शेजारी बसायची आणि मध्येच मान वर करून विचारायची, "किती?"

आठव्या महिन्यात, सकाळी, तो शिडीवर उभा राहून एका चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होता. कुंचला उचलला आणि हात तिथेच थबकला. कुंचला पाटीपासून सुटा होता. पाटी मागे होती, कुंचला पुढे, आणि दोन्हींच्या मधे हवा होती. नुसती मोकळी जागा, पण ती दिसत होती.

"मिस्तरी, काही बिनसलं का?" खालून दुकानदाराने विचारलं.

"नाही हो. जरा बघतोय."

दृश्य टिकलं ते दोन-तीन मिनिटं. मग सगळं पुन्हा पाटीसारखं सपाट झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, जरा जास्त वेळ. दमला की अजूनही ते जातं, पण आता परत येतं.

असंच ते परत आलेलं असताना एका दुपारी घरी त्याने बायकोला सांगायचा प्रयत्न केला. हात पुढे-मागे करून, शब्द शोधत. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे आम्हाला दिसतं तसंच ना?"

"हो, तसंच."

"मग एवढं काय बघताय माझ्याकडे?"

"तुझं नाक," तो म्हणाला. "किती पुढे आहे गं."

ठमी पुस्तकात तोंड खुपसून हसत सुटली.