अक्षतांवरचा फोकस

करणनं फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा घेतला आणि त्याचे पाय जमिनीला लागेनासे झाले. धाकट्या बहिणीच्या, सृष्टीच्या लग्नाला वडिलांनी कोल्हारच्या सहादेव फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं. करणनं त्याला परस्पर फोन करून नको म्हटलं. वर ऐकवलं, "तुझा सेन्सर टिकलीएवढा. त्यात काय येनार हाय?" सहादेव बरं म्हणाला. सृष्टीनंही सगळी भिस्त भावावर टाकली.

मोठा सेन्सर उजेड भरपूर घेतो, पण लेन्स पुरती उघडी ठेवली तर स्पष्ट येणारी जागा वीतभरच उरते. व्हिडिओ बघून हे करणला तोंडपाठ होतं, हाताला मात्र ठाऊक नव्हतं. मागचं सगळं लोण्यासारखं मऊ दिसतंय या नादात त्यानं लेन्स तशीच उघडी ठेवली. अंतरपाट सरकला, अक्षतांचा मारा झाला, आणि कॅमेऱ्यानं समोर आलं ते धरलं. फोटोत अक्षतांच्या ज्वारीचा लाल दाणा न् दाणा मोजून घ्यावा असा, आणि मागं नवरदेव राम आणि सृष्टी म्हणजे नुसते दोन डाग. हार घालतानाही तेच. घरी बघितल्यावर त्याला चूक कळली. कुणापाशी बोलायचं धाडस झालं नाही.

सासरची पूजा झाल्यावर तो मुराळी म्हणून सृष्टीला आणायला बेलापूरला गेला. तिच्या सासूनं, राहीबाईंनी, चहाआधीच फोटो मागितले. करणनं दिलेला मोबाईल लांब धरून त्या बघत राहिल्या.

"पाव्हणं, ह्यात आमचा राम कुटं हाय?"

सृष्टीनं मोबाईल घेतला. क्षणभर तिचा चेहरा पडला, मग ती सासूकडं बघून हसली.

"आत्या, दादानं मुद्दाम तसं काढलंय. आजकाल फोटोत अक्षताच टिपत्यात."

"आसं व्हय. मग तोंडं दिसत्याल असा एक द्या. भिंतीवर लावू."

"दादा दील की."

सगळी करणकडं बघायला लागली. "व्हय, देतो," तो म्हणाला. त्याला लाज वाटली. नव्या घरात सृष्टी पहिलं खोटं बोलली ती त्याची अब्रू झाकायला, आणि त्यानं निमूटपणे तिला बोलू दिलं.

गाडी गावाबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "एक तरी हाय का?"

"न्हाई."

ती हळूच म्हणाली, "तू घरीच राहशील, दादा. मला परत तिथंच जायचंय. मी आत्यांना काय सांगू?"