नाथाचा जबडा आणि मी

मी कवटी बोलतेय. दचकू नका, खुर्ची मागे सरकवू नका. मी कुणाचीही नाही. मला भूत व्हायची हौस नाही आणि कुणावर डूख धरायचं कारणही नाही. मी अस्सल प्लास्टिकची आहे.

अंबाल्याच्या एका कारखान्यात साच्यातून निघाले. कामगारांनी मला बत्तीस दात बसवले, खालचा जबडा दोन स्प्रिंगांवर टांगला आणि पेंढ्यात गुंडाळून ठाण्याला धाडून दिलं. ते १९८४ साल. नौपाड्यात डॉक्टर कलावती कर्णिकांनी नुकताच दवाखाना थाटला होता. जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रिया हे त्यांचं काम. लोकांना मात्र त्या दाताच्याच डॉक्टर वाटायच्या. सुरुवातीला आमच्याकडे यायचे ते स्कूटरवरून पडलेले, डोंबिवलीच्या मैदानात क्रिकेटचा चेंडू गालावर घेतलेले, नाहीतर होळीच्या भांडणात ठोसा खाल्लेले.

बाईंनी मला टेबलावर ठेवलं आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या जबड्याला भोक पाडलं. राग आला होता मला. पण मग त्यांनी त्यातून विजेची एक बारीक लाल वायर ओवली. जबड्याच्या मागच्या टोकातून आत, हाडाच्या पोटातून पुढे आणि हनुवटीच्या बाजूला बाहेर. "ही नस," त्या प्रत्येकाला सांगायच्या. "खालच्या ओठाला गरम-गार कळतं ते हिच्यामुळे." पुढे वायरीचा रंग गेला, की त्या नवी ओवायच्या.

टेबलावर बसून मी माणसं पाहिली. माझ्याकडे नजर गेली की जो तो आधी स्वतःचा गाल चाचपतो. बायका माझ्याशी बोलतात, पुरुष माझ्या डोळ्यांत बोट घालतात. नव्वद सालानंतर तर नवीनच मंडळी यायला लागली. काहीही मोडलेलं नसायचं. सिनेमाच्या मासिकातलं कात्रण पुढे करायची आणि म्हणायची, गालाचं हाड जरा कमी करा, हनुवटी जरा पुढे आणा. जणू ब्लाऊजच शिवायला टाकलाय.

नाथाही असंच कात्रण घेऊन आला होता.

बाळकुमचा कोळ्याचा पोरगा. वय सव्वीस-सत्तावीस, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला. चेहऱ्याची डावी बाजू ठीक, पण उजवा जबडा लांब होऊन खाली उतरलेला, हनुवटी डावीकडे कललेली. बरोबर आई, आवडाबाई. ठाण्याच्या बाजारात मासळी विकणारी. तिने आत येताच मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"डॉक्टरीणबाय, ही कोणाची गो? बाई का बाप्या?"

"प्लास्टिकची आहे, आवडाबाई."

"मंग दात कशाला दाखवते एवढे?"

नाथाने कात्रण टेबलावर ठेवलं. चकचकीत गालांचा एक हिरो होता त्यात. "मॅडम, असं करून द्या."

बाईंनी कात्रण उचलून त्यालाच परत दिलं. "हा माणूस वेगळ्या हाडांचा आहे. तुमच्या हाडांतून तुमचाच चेहरा निघणार. त्रास काय होतो ते सांगा."

नाथाने माझा जबडा बोटाने वर-खाली करून पाहिला. मग म्हणाला, "अठराव्या वर्षापासून हे असं व्हायला लागलं. गावात सगळे वाकडा नाथा म्हणतात. त्याचं काय एवढं नाही. पण लग्नात व्हिडिओवाला असतो ना, तो मला बोलतो, तू मागे हो. दर लग्नात."

"दर लग्नात? एवढ्या लग्नांना जाता?"

"तो बँडमध्ये वाजवतो," आवडाबाई मध्येच बोलली. "ते सांग की रे! कॉर्नेट वाजवतो, डॉक्टरीणबाय, ती पितळेची पिपाणी. हळदीला उभा राहिला ना, तर म्हाताऱ्या पण नाचायला उठतात."

बाईंचं लिहिणं थांबलं. नाथा म्हणाला, "ते आपलं हौसेचं."

त्या दिवशी बाईंनी तारीख दिलीच नाही. एक्स-रे काढले, जुने फोटो मागवले आणि सांगितलं, "आधी हे हाड वाढायचं थांबलंय का ते बघायचं. अजून वाढत असेल तर आज कापून उद्या पुन्हा वाकडं होईल. पुढच्या गणपतीनंतर या. आणि तोवर तंबाखू सुटली पाहिजे, नाहीतर जखम भरायला त्रास होईल."

तंबाखूची पुडी आवडाबाईने तिथल्या तिथे त्याच्या खिशातून काढून घेतली. नाथा फणफणत गेला. मला वाटलं, गेला हा, आता कुठला येतोय.

पण आला. गणपती झाले आणि आला, तंबाखू सोडून. नवा एक्स-रे जुन्याशेजारी उजेडाला लावला, तर हाड जिथल्या तिथे होतं. नाथाचा चेहरा खुलला. बाईंचा खुलला नाही.

त्यांनी मला हातात घेतलं. लाल वायरीवर बोट ठेवलं. "हिच्यात नस मधून जाते. तुमची बाजू वाढता वाढता नस खाली ढकलली गेलीय. जे हाड तासायचं, त्याच्या अगदी कडेला आलीय. दोन रस्ते आहेत. नसेपासून लांब राहून थोडं हाड काढायचं. मग वाकडेपणा साधारण निम्मा राहील. किंवा नस हाडातून सोडवून बाजूला घ्यायची आणि पूर्ण सरळ करायचं. पण मग उजवीकडचा खालचा ओठ बधिर होऊ शकतो. काही महिने, किंवा कायमचा. कुठलं होईल ते मी आधी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

"पूर्ण सरळ करा," नाथा लगेच म्हणाला.

"आणि कॉर्नेट? ते ओठानेच फुंकता ना?"

"सोडतो. कॉर्नेट वाजवून कोणाचं भलं झालंय? तोंड सरळ पाहिजे मला."

 

बाईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "रविवारी दवाखाना बंद असतो. कॉर्नेट घेऊन या. तुमची हरकत नसेल तर इंजेक्शनने अर्धा ओठ थोडा वेळ बधिर करू. दात काढताना करतो तसंच. दोन-तीन तासांत उतरतं. मग ठरवा."

रविवारी मायलेक आले. बाईंनी आधी त्याला नुसतंच वाजवायला सांगितलं. नाथाने कॉर्नेट ओठाला लावलं आणि हळदीची चाल धरली. माझे दात कडकड वाजायला लागले, स्प्रिंगा सैल होत्या ना! खाली रसवंतीवाल्याने चरक थांबवला. सुरांवर सूर येत होते आणि नाथाचे डोळे मिटलेले होते. तो वाकडा आहे की सरळ, हे त्या वेळात माझ्या लक्षातही आलं नाही.

मग इंजेक्शन. थोड्या वेळाने बाईंनी ओठाला टोचून पाहिलं, त्याला काही कळलं नाही. "वाजवा."

त्याने फुंकलं. फर्रर्र! म्हशीने शिंकावं तसा आवाज आला. आवडाबाई खो-खो हसली, बाई हसल्या, नाथाही हसला. पुन्हा फुंकलं. वारा ओठाच्या कोपऱ्यातून निसटला, लाळ शर्टावर आली, आणि ती आल्याचंही त्याला कळलं नाही. आईनेच पदराने पुसली. तिसऱ्यांदा एक सूर अर्धवट निघाला आणि मोडला. आता कुणी हसत नव्हतं.

बाईंनी चहा मागवला. नाथाने घोट घेतला, तो हनुवटीवरून ओघळला. त्याने कप खाली ठेवला आणि ओठावर बोट फिरवत बसला, जसं दुसऱ्या कुणाच्या ओठावरून फिरवावं.

"हे असं कायमचं राहू शकतं?"

"राहू शकतं. नाहीही राहणार. काही लोकांना ते चालतं, आणि त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर असतं. तुम्हाला चालेल का, ते तुम्ही सांगायचं."

नाथा आईकडे वळला. "आये, तू बोल."

"मी काय बोलू? मला तू कसाही दिसलास तरी नाथाच दिसतोस. पण आता वाजवलंस ना पहिलं, ते चांगलं वाजवलंस."

त्याने कॉर्नेट पुसून मांडीवर ठेवलं. ओठाला हळूहळू मुंग्या यायला लागल्या, तसा त्याने मोठा श्वास सोडला. "निम्मंच काढा, मॅडम. राहू दे निम्मा वाकडा."

शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळात झाली. मी तिथे जात नाही, पण आधीच्या संध्याकाळी बाईंनी माझ्या जबड्यावर पेन्सिलीने रेघ मारली होती, कुठवर तासायचं त्याची. तिच्याकडे त्या कितीतरी वेळ बघत बसल्या होत्या. छेद तोंडातूनच दिला, त्यामुळे बाहेर व्रण नाही.

नंतर नाथा दवाखान्यात आला तेव्हा मी ओळखलंच नाही. चेहरा फणसासारखा. उजव्या-डाव्याचा हिशेबच संपलेला. "हे काय करून ठेवलं?" तो दातांतल्या दातांत बोलला. बाई म्हणाल्या, "सूज आहे. बरीचशी काही आठवड्यांत जाईल, सगळी जायला महिने लागतील. तोवर आरसा कमी बघा." आवडाबाई त्याला पेज आणि बोय माशाच्या कालवणाचं गाळलेलं पाणी पाजत होती. "एवढा मोठा घोडा, आणि मी परत वाटीने भरवते," ती सांगायची, पण तक्रार म्हणून नाही.

नसेपासून इतकं लांब राहूनही ओठ थोडा बधिर झालाच. ते लग्नसराईचे दिवस. बँडची पोरं हळदीला गेली, नाथा घरात. एकदा चिडून आला आणि बाईंना म्हणाला, "तुम्ही बोललात नस वाचेल!" बाई शांतपणे म्हणाल्या, "नस शाबूत आहे, नाथा. ती दुखावलीय. दुखावलेलं हळू येतं." पण तो गेल्यावर त्यांनी माझी वायर पुढे-मागे सरकवत किती वेळ घालवला, ते मला माहीत आहे.

मग एका सकाळी आवडाबाई एकटीच आली, मासळीची पाटी जिन्यात ठेवून. "डॉक्टरीणबाय! चहा पिताना ओरडला. भाजला म्हणून ओरडला! मी देवाला नारळ फोडला."

हनुवटीखाली चवलीच्या नाण्याएवढी जागा मात्र बधिरच राहिली. दाढी करताना तिथे कापलं तर त्याला कळत नाही. पण पुढच्या हंगामात नाथा वाजवायला उभा राहिला. चेहरा निम्मा वाकडा राहिला, आणि वाकडा नाथा हे नाव पूर्ण राहिलं. बाळकुमात टोपणनावाचं ऑपरेशन होत नाही. व्हिडिओवाल्याने सवयीने मागे हो म्हटलं, तेव्हा नाथा म्हणाला, "तूच हो मागे, तिथून सगळे व्हिडिओत येतील." हे सांगताना आवडाबाई इतकी हसली, की तिने माझ्याच डोक्याचा आधार घेतला.

आता १९९८ साल चाललंय. बाई दवाखाना आवरताहेत. माझी एक स्प्रिंग तुटलीय, दोन दात कुठे गेले ते मलाही माहीत नाही, जबडा रबरबँडने बांधलाय. कल्याणच्या एका शाळेत मला देणार आहेत. तिथे पोरं माझ्या तोंडात पेन्सिली खुपसतील, डोक्यावर टोपी घालतील. घालू देत. पोरांचा आवाज मला आवडेल.

तुमचा निरोप घेते. चेहरा बदलावासा वाटला तर बदला, तोंड तुमचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त तारीख घेण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा, की काय मिळेल ते कळलं, पण माझं काय जाऊ शकेल? नीट उत्तर मिळेपर्यंत उठू नका. आणि उत्तर द्यायला कुणी कंटाळा केला, तर मुकाट्याने चपला घाला आणि दुसरा दवाखाना गाठा. चपला काय, कितीदाही घालता येतात. तासलेलं हाड परत घालता येत नाही.