फोटोपुरती थोरली

त्या दिवशी सकाळपासून धाकटी सूप गरम ठेवत बसली होती. घरात आजारी कुणी नव्हतं. सूप फोटोसाठी होतं, आणि त्यातून वाफ निघताना दिसली पाहिजे, असं प्रचारप्रमुखानं बजावलं होतं.

तिच्या नवऱ्याला सगळं शहर ‘गादीवाला’ म्हणून ओळखत असे. थोरला भाऊ आधी बोटीनं या देशात आला, मागून त्यानं बायकोला आणलं, मग याला. भाऊ कापूस पिंजायचा, थोरली खोळी शिवायची आणि हा गाद्या खांद्यावर टाकून दारोदार हिंडायचा. पिंजलेल्या कापसाची धूळ भावाच्या छातीत बसली ती त्याला घेऊनच गेली. दुकान धाकट्याच्या हाती आलं आणि एकाची चार दुकानं झाली. आता तो निवडणुकीला उभा होता. ‘गाद्या विकून कंटाळला, आता एखादी बसायला हवीय,’ असं लोक हसत म्हणत. पण मतं देणार होते.

थोरली मात्र गोदामामागच्या अंधाऱ्या खोलीत गेली होती. समुद्र ओलांडताना या लोकांनी भांडीकुंडी सोडली, अर्धीअधिक भाषा सोडली, पण एक रूढी तेवढी पोटाशी धरून आणली. नवरा गेलेल्या बाईचं तोंड शुभकार्याला दिसू द्यायचं नाही. दुकान उघडायचं असो, घरात बाळ यायचं असो, थोरलीच्या दाराला बाहेरून कडी. ती कडी धाकटीच लावायची. मायदेशी सासूनं शिकवलं होतं, नवऱ्याला हवं होतं. आपल्यात असंच असतं, एवढंच तिला ठाऊक होतं.

“घरात कुणी वडीलधारं आहे का? लोकांना परके वाटता तुम्ही. आईबिई असती तर फार बरं झालं असतं,” प्रचारप्रमुखानं विचारलं होतं, आणि गादीवाल्याला इतक्या वर्षांनी वहिनी आठवली.

थोरलीला न्हाऊ घालून, धाकटीची ठेवणीतली शाल पांघरवून दिवाणखान्यातल्या खिडकीशी बसवलं. उजेडाची सवय मोडल्यामुळे तिचे डोळे सारखे मिटत होते.

“डोळे उघडे ठेवा, आजी,” फोटोवाला म्हणाला.

गादीवाला गुडघ्यावर बसला. डोळ्यांत पाणी आणायची कला त्यानं अलीकडेच कमावली होती. “घ्या वहिनी, माझ्या हातानं घ्या.”

थोरलीनं तोंड उघडलं.

“थांबा, चमचा जरा खाली. आजी, गिळू नका! तसंच तोंड उघडं ठेवा.”

म्हातारी आ वासून बसून राहिली. हनुवटीवरून सूप गळत होतं. पुन्हा चमचा, पुन्हा तोंड. शेवटी फोटोवाल्यानं मान डोलावली, तसा गादीवाला ताडकन उठला. चमचा वाडग्यात टाकून त्यानं रुमालानं एकेक बोट रगडून पुसलं आणि तो रुमालही कोपऱ्यात भिरकावला.

“हिला मागे ने,” तो बायकोला म्हणाला. “संध्याकाळी पहिली सभा आहे. निघताना आडवी यायला नको. कडी नीट लाव.”

“अहो, त्यांचं जेवण तरी...”

“आता पाजलं ना एवढं!”

इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढलं, त्या माणसाची धाकटीला शिसारी आली. तरीही तिनं थोरलीला मागे नेलं आणि कडी लावली.

सभेला बायका खूप जमल्या होत्या. मंचामागे तोच फोटो भिंतीएवढा करून टांगला होता. त्यातलं थोरलीचं उघडं तोंड एखाद्या पिलासारखं दिसत होतं. धाकटीला नवऱ्याशेजारी बसवलं होतं.

“मी परक्या देशातून रिकाम्या हातानं आलो,” गादीवाला बोलत होता. “पण बाईचा मान काय असतो, ते मी या माउलीकडून शिकलो. माझ्या घरात तिच्याआधी कुणी घास घेत नाही.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतली एक परिचारिका उठली. “मग त्यांना का नाही आणलंत? आम्हालाही भेटायचंय.”

“वहिनींची तब्येत जरा नाजूक. विश्रांती घेतायत. हिला विचारा, हीच त्यांचं सगळं बघते.” त्यानं हसत बायकोपुढे माईक धरला.

धाकटी उभी राहिली.

“विश्रांती नाही,” ती म्हणाली. “गोदामामागच्या खोलीत आहेत. उपाशी. बाहेरून कडी आहे. मीच लावून आले.”

नवऱ्यानं माईक हिसकावला. “हिला बरं नाहीये!” तो ओरडला. पण धाकटी मंचावरून उतरून चालू लागली होती. परिचारिका तिच्यामागे निघाली, आणखी चारपाच बायका निघाल्या. बाकीच्या बसून राहिल्या, कारण सभेनंतर खाणं होतं.

कडी निघाली तेव्हा थोरली दाराकडे पाठ करून बसली होती. त्याच दिवशी दोघींनी ते घर सोडलं.

गादीवाला निवडून आला. ‘घरचं भांडण, ते घरातच मिटवायचं असतं,’ लोक म्हणाले.

दोघी आता परिचारिकेच्या माडीवर राहतात आणि खोळी शिवतात. एका दुपारी धाकटीला राहवलं नाही. “वहिनी, मला माफ करा.”

थोरलीनं दातानं दोरा तोडला. “माफीचं राहू दे गं. पहिल्यांदा कडी लावलीस, त्या दिवशी तुझा हात थरथरला होता का, तेवढं सांग.”

धाकटीला तो दिवस आठवला. नव्हता थरथरला.

दुसऱ्या दिवशी, अशा कड्या आणखी किती दारांना आहेत ते बघायला, ती त्यांच्याच देशातून आलेल्या लोकांच्या वस्तीत गेली. तिथल्या एका मोठ्या किराणा दुकानदाराचं घर तिनं गाठलं.

“तुमच्या घरात माणसं किती?” तिनं विचारलं.

“आम्ही पाच,” मालकीणबाई म्हणाल्या.

मागच्या अंगणात कुणीतरी पाठमोरं भांडी घासत होतं.

“आणि त्या?”

“ती होय... नवरा गेलेली जाऊ माझी. ती काही मोजायची नाही.” बाईंनी दार लोटायला घेतलं.

धाकटीनं उंबऱ्यावर पाय ठेवला. दार पायावर आदळलं, पण तिनं तो काढला नाही.