तंबूतलं निरूपण

"बुवा, आज पडद्याच्या पल्याड दुर्गाबाई येऊन बसल्यात," बद्रीनाथ हळूच म्हणाला आणि पडद्यावर पाणी मारू लागला.

भुजंगबुवांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "कोणासंगं?"

"शेजारच्या पुष्पाबाईसंगं. म्या म्हणलं, बुवाच्या घरच्यांना तिकीट कशाला? तर म्हणल्या, तिकीट न्हाई दिलं तर बसणार न्हाई."

बुवांनी उपरणं पुन्हा सारखं केलं.

निजामी अमलातले ते दिवस. जालन्याच्या बाजारतळावर त्या हिवाळ्यात बद्रीनाथचा बायस्कोपचा तंबू पडला होता. चित्रं अजून बोलायला लागली नव्हती. तंबूच्या मधोमध पडदा टांगायचा आणि पाण्यानं भिजवायचा, म्हणजे चित्र दोन्ही अंगांनी दिसायचं. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. पलीकडून सगळं उलटं. "आमच्याकडं समदे डाव्या हातानं जेवत्यात माय," असं पुष्पाबाई पाणी भरताना सांगायच्या आणि सगळा पाणवठा हसायचा.

मधूनमधून पडद्यावर अक्षरं यायची, तीही गुजराती. म्हणून बद्रीनाथनं गावच्या कीर्तनकारालाच गोष्ट सांगायला उभं केलं होतं आणि बुवांनी त्या तंबूचं देऊळ करून टाकलं होतं. आधी रामकृष्णहरीचा गजर, मग गोष्ट. शेटजीचा आवाज वेगळा, शेटाणीचा वेगळा. ज्यांनी ते ऐकलं त्यांना पुढे बोलपट मुके वाटले.

चित्रातली गोष्ट या शेटजी-शेटाणीची, एका नवराबायकोची होती. त्यांचं लेकरू जातं आणि मग दोघं एकाच घरात एकमेकांना टोचत राहतात. शेवटी ती दार उघडते, लांबच लांब रस्त्यानं चालत जाते, आणि पडदा पांढरा होतो. चित्र तिथंच संपायचं.

पण कीर्तन असं संपत नसतं. ऐकणाऱ्याला रडवावं, पण रडत घरी पाठवू नये. देव शेवटी धावून यायलाच हवा. मग बुवा पांढऱ्या पडद्यापुढे उभे राहून सांगायचे, की वाटेत तिला एक गवळी भेटला, सावळाच होता, त्यानं तिला माघारी वळवलं आणि ती दिवेलागणीला घरी आली. पुरुष बुवांच्या पाया पडत. बायका पलीकडे डोळे पुसत.

बुवांच्या घरी मात्र कोणी गवळी आला नव्हता. त्यांची लेक रजनी तापानं गेली तेव्हा ते दूरच्या गावी सप्ताहात उभे होते. "तुमचा देव लोकाच्याच घरी धावतो," दुर्गाबाई म्हणाल्या होत्या. "तुझ्या तोंडाला भिऊन येत न्हाई," बुवा म्हणाले होते. त्यानंतर वर्षं गेली, पण बोलणं तेच राहिलं. भाकरीत मीठ कमी पडलं तरी तिथंच जाऊन पोचायचं.

आता अंबडहून दुर्गाबाईंचा भाऊ कडूबा बैलगाडी घेऊन आला होता. सकाळी त्या माहेरी जाणार होत्या, ते कायमच्याच. बुवांना हे ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. त्या दुपारी पाणवठ्यावर कुणीतरी बोललंच, "तंबूतली बाई तर रोज परत येऊन राह्यली. तू कव्हा येशील गं?"

"आज जाऊन बघते, कशी येती ते," दुर्गाबाई म्हणाल्या होत्या.

खेळ सुरू झाला. बुवा त्या दिवशी बोलत होते, पण शेटाणीचा आवाज काढताना अडखळत होते. लेकरू गेल्याच्या जागी ते बोललेच नाहीत. नुसतं यंत्र फिरल्याचा आवाज येत राहिला. मग ती चालत निघाली, लहान लहान होत गेली आणि पडदा पांढरा झाला.

"बुवा, आणा आता गवळ्याला," पुढे बसलेला रामकिसन हसून म्हणाला.

बुवांनी पडद्याकडे पाहिलं. ओल्या कापडापलीकडे कंदिलाच्या उजेडात बायकांच्या सावल्या हलत होत्या. त्यातली कोणती तिची, कळत नव्हतं. त्यांनी नुसतं म्हणायची खोटी होती: ती परत आली. मग सगळ्या सावल्या दुर्गाबाईंकडे वळल्या असत्या. सकाळी गाडीपुढे अर्धं गाव उभं राहिलं असतं आणि म्हणालं असतं, बुवांचा शब्द मोडू नका. लाजेनं ती राहिलीही असती. आणि ती राहावी, हे बुवांना त्या घटकेला किती वाटत होतं, ते त्यांच्या पांडुरंगालाच ठाऊक.

"गवळी आला," बुवा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "तिला म्हणला, बाई, वाट लांब हाय, मी संगं येतो. आन् तिच्यासंगं चालत गेला."

लोक थांबले. "आन् मंग?"

"मंग काय न्हाई. ती गेली. बोला पुंडलिक वरदे…"

गजर अर्धाच उठला. "आज बुवांनी गोडी घालवली बिलकुल," असं पुटपुटत माणसं उठली. पलीकडून एकच आवाज तो गजर शेवटपर्यंत म्हणत राहिला होता, बाईचा. बुवांनी तो ओळखला.

सकाळी कडूबानं गाडी जुंपली. "दाजी, येतो," एवढंच म्हणाला. वेशीपर्यंत पोचवायचं म्हणून बुवा गाडीमागं चालू लागले. वेस गेली, मळे गेले. कडूबा दोनदा म्हणाला, "दाजी, आता माघारी फिरा." बुवा हूं म्हणायचे आणि चालायचे. दुर्गाबाई गाडीत पाठमोऱ्या बसल्या होत्या.

दुधनेच्या पात्रात गाडीचं चाक वाळूत रुतलं. कडूबानं बैल हाकारले, पण गाडी हलेना. बुवांनी उपरणं डोक्याला बांधलं, पाण्यात उतरले आणि चाकाला खांदा लावला. तोंडानं विठ्ठल म्हणत त्यांनी रेटा दिला. गाडी कण्हली, मग वर आली आणि पलीकडच्या काठाला लागली.

दुर्गाबाई मागं वळल्या होत्या.

"धोतर भिजलं तुमचं," त्या म्हणाल्या.

"वाळंल," बुवा म्हणाले.

कडूबानं कासरा ओढला. बुवा गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि गाडी अंबडच्या वाटेला लागली.