दोन कार्डांची पेटी

घर आणि जग यांच्यामध्ये एक उंबरठा असतो, आणि तो राखणारा जागा असेल तरच दोन्हीकडची माणसं सुखात राहतात. देगू शहरातल्या ग्वाक मान-शिकच्या कॉम्प्युटर-खेळांच्या दुकानात हा राखणदार काउंटरखाली बसला होता. तो एक जुना कॉम्प्युटर होता, त्याचं एका बाजूचं झाकण हरवलं होतं, आणि त्याचा पंखा मांजर खोकल्यासारखा वाजत होता.

त्या पेटीच्या पोटात दोन नेटवर्क कार्डं होती. एकात रस्त्यावरून आलेली तार, दुसऱ्यात दुकानातल्या वीस कॉम्प्युटरांकडे जाणारी. बाहेरच्या जगाला ही एकटी पेटीच दिसायची. वीस जण जे मागतील ते ती स्वतःच्या नावावर मागून आणायची आणि ज्याचं त्याला न चुकता द्यायची. मान-शिकनं विम्याच्या ऑफिसात एकोणीस वर्षं काढली होती, शेवटची सहा सेक्शनप्रमुख म्हणून. ज्याचं त्याला देणारं तिथं त्याला कुणी भेटलं नव्हतं. सकाळी दहाला विसाव्या कॉम्प्युटरवरही इंटरनेटचं पान उघडलं, तेव्हा त्यानं नकळत डोक्यावरची टोपी काढली.

"टोपी कशाला काढता साहेब, साधी गोष्ट आहे," प्यो सोक-जू म्हणाला. पेटी त्यानं जुळवली होती. तो त्याच ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागात होता आणि मान-शिकबरोबर नोकरकपातीच्या एकाच यादीनं घरी बसला होता. तरी मान-शिक त्याचा अजून साहेबच होता.

"साधी असेल. पण वीस जणांचं काम एकटी बघते. आपल्याकडे एकाचं काम वीस जण बघायचे."

दुकान त्याच दुपारी उघडायचं होतं. चारला शेजारची शाळा सुटणार होती, आणि रस्त्यापलीकडे असंच एक दुकान आधीपासून होतं. पहिल्या दिवशी जिथे खेळ अडकला, तिथे पोरं पुन्हा पाऊल टाकत नाहीत. हे चाललं नाही तर सत्तेचाळिसाव्या वर्षी मान-शिकनं काय करायचं, हे घरात कुणी विचारत नव्हतं. त्यावरूनच प्रश्न केवढा आहे ते कळत होतं.

बाराला सासूबाई दुकानाच्या मुहूर्ताच्या पूजेसाठी, रीतीप्रमाणे, उकडलेलं डुकराचं मुंडकं घेऊन आल्या.

"सात मुंडकी पाहिली, तेव्हा हे हसरं सापडलं," त्या म्हणाल्या. "बाकीची तुमच्यासारखीच होती, जावईबापू. बरं, या सगळ्या पेट्यांत थोरली कोण?"

मान-शिकनं काउंटरखाली बोट दाखवलं.

"मग तिला बाहेर काढा. देवानं काय गुडघ्यावर बसून बघायचं तिला?"

मान-शिकनं मागच्या दोन्ही तारा उपसल्या आणि पेटी चटईवर, मुंडक्यासमोर पूर्वेला तोंड करून ठेवली. सासूबाईंनी मक्कोली ओतली. तांदळाची ती दारू पेटीच्या उघड्या बाजूत जाऊ नये म्हणून प्योनं हात आडवा धरला. मान-शिकनं कपाळ टेकून नमस्कार केले. प्यो मात्र ताठ उभा राहिला. तो चर्चला जाणारा होता.

पूजा आटोपली. मान-शिकनं पेटी उचलून जागेवर ठेवली, तारा खोचल्या, बटण दाबलं. वीसपैकी एकाही कॉम्प्युटरवर पान उघडेना.

प्योनं पेटी तीनदा बंद करून चालू केली. पडद्यावरचे आकडे ओळीनं वाचले. सगळे सकाळचेच होते, सगळे बरोबर. साडेतीन वाजले. मुंडकं हसत होतं.

"मला कळलंय," सासूबाई म्हणाल्या. "सगळे वाकले, आणि जुळवणारा खांबासारखा उभा. का हो चर्चवाले, तिला राग नाही येणार?"

"आजी, ते यंत्र आहे."

"यंत्र आहे तर ऐकत का नाही तुमचं?"

मान-शिकनं प्योकडे पाहिलं. यादी लागली त्या दिवशीही त्यानं असंच पाहिलं होतं. प्योनं निःश्वास सोडला, दोन्ही तारा काढून पेटी पुन्हा चटईवर आणली आणि तिच्यासमोर गुडघे टेकले.

"मी फक्त आतली धूळ बघतोय," तो म्हणाला आणि कपाळ चटईला लागेपर्यंत वाकला.

"बघा, बघा. नीट बघा," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यानं पेटी जागेवर नेली, काउंटरखाली डोकं घालून तारा लावल्या. पंखा खोकला. एक नंबरवर पान उघडलं, मग दोनवर, मग सात, अकरा, आणि अख्ख्या भिंतीवर निळा उजेड पसरत गेला. एवढीशी झाकण नसलेली पेटी, आणि तिच्यातून सगळं जग आत येत होतं. मान-शिकनं पुन्हा टोपी काढली. या वेळी प्योनं हटकलं नाही. सासूबाईंनी डोळे मिटून प्रार्थनेसाठी तळहात एकमेकांवर चोळले. दारात शाळेची पोरं बूट घासत उभी राहिली, आणि पाच मिनिटांत वीसच्या वीस खुर्च्या भरल्या.

संध्याकाळी प्यो घरी गेल्यावर मान-शिक पेटीला पुन्हा एकदा नमस्कार करायला वाकला. मागच्या दोन्ही तारांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या.

"मंतरलेल्या दिसतात," सासूबाई म्हणाल्या. "हात लावू नका."

पट्ट्यांवर प्योच्या अक्षरात 'आत' आणि 'बाहेर' लिहिलं होतं. पहिल्या पूजेनंतर मान-शिकनं तारा उलट लावल्या होत्या.