मला दहा वेळा हलवा

मी रक्ताची नळी बोलतेय, जांभळ्या टोपीची. माझं अख्खं आयुष्य एका सकाळीत मावलं, तेव्हा तुमचा फार वेळ घेणार नाही.

कारखान्यात माझ्या आतून एक औषध लावलं, रक्त गोठू नये म्हणून. पण ते आपणहून मिसळत नाही. रक्त भरलं की लगेच मला सावकाश उलटंसुलटं करायचं, दहा वेळा. एवढंच माझं मागणं.

त्या सकाळी लॅबमधल्या नव्या टेक्निशियन मुलीने मला उचललं. समोर आईच्या मांडीवर चार वर्षांची छकुली, तीन दिवस तापलेली.

"आई, हात घट्ट धरा हिचा," टेक्निशियन म्हणाली.

"मुंगी चावल्यासारखं होईल हं," आई म्हणाली आणि स्वतःच तोंड फिरवलं.

छकुलीने टाहो फोडला. तिची लाथ बसून ट्रे कलंडला. माझ्यात रक्त कसंबसं थेंब थेंब आलं. मला तशीच स्टँडमध्ये उभी करून टेक्निशियन सांडलेलं उचलायला वाकली. एकदाही हलवलं नाही हो!

माझ्या तळाशी काहीतरी घट्ट होऊ लागलं. ओरडावंसं वाटलं. पण माझ्या तोंडाला टोपी.

मग मी यंत्रात गेले. पडद्यावर आकडा आला, प्लेटलेट एकोणीस हजार. हव्यात दीड लाखाच्या वर. शेजारी पिवळी खूण होती, 'नमुना तपासा.' मागे चाळीस नळ्या ताटकळत होत्या. टेक्निशियनने रिपोर्ट पाठवायचं बटण दाबलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या आईचा मोबाइल वाजला.

आई धावतच खिडकीशी आली. "ताई, लाल रंगात आलंय! डॉक्टर फोनवर म्हणाले, लगेच ॲडमिट करा, प्लेटलेट चढवाव्या लागतील. अहो, सकाळी दोन बिस्किटं खाल्लीत हिने!"

छकुलीने तिचा पदर ओढला. "आई, तू का रडतेस? सुई तर मला टोचली."

आई तिला कडेवर घेऊन तशीच दाराकडे निघाली.

टेक्निशियनचं लक्ष माझ्याकडे गेलं. टोपी काढून तिने काडी फिरवली. काडीला गाठ लागली, गव्हाच्या दाण्याएवढी. मागच्या आठवड्यात तिच्याकडून एक नाव चुकलं होतं. आणखी एक चूक झाली तर नोकरीत कायम करणार नाही, असं लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

कचऱ्याचा लाल डबा दोन हातांवर होता. तिने डब्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यात गेले असते तर गाठीचं कुणालाच कळलं नसतं.

ती मला घेऊन थेट डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली. "मॅडम, नळी हलवायची राहिली. प्लेटलेट गाठीत अडकल्यात, म्हणून आकडा कमी आला. पिवळी खूण दिसली होती. तरी मी पुढे गेले."

"यंत्र सांगत होतं ना, बघ म्हणून? मग बघायलाच ठेवलंय ना तुला? पळ, आधी त्या आईला थांबव. ओरडायचं ते नंतर ओरडते."

ती मला हातात घेऊनच धावली. आई रिक्षात बसतच होती.

"पुन्हा टोचायचं? तुमच्या चुकीपायी?"

"हो, आई. माझ्याच चुकीपायी."

आईने छकुलीला पुन्हा कडेवर घेतलं. मग खाली उतरली.

माझ्या धाकट्या बहिणीत रक्त भरलं. या वेळी टेक्निशियन मोठ्याने मोजत होती, आईही मोजत होती. हुंदके देत छकुलीनेही सूर धरला, मधले सात आकडे मात्र गाळलेच. आकडा आला एक लाख नव्वद हजार. आईने लगेच डॉक्टरांना फोन लावला.

टेक्निशियन कायम झाली की नाही, ते कळायला मी उरणार नाही. मी आता त्याच लाल डब्यात आहे. तुम्ही लेकराला घेऊन याल तेव्हा आकड्याआधी रक्त घेणाऱ्या हातांकडे बघा, आणि लाजू नका, मोठ्याने मोजा.

झाकण लागतंय. बाहेर कुणाचं तरी रक्त भरलंय. तिचाच आवाज आहे. आठ... नऊ... दहा.